नाममुद्रा आणि स्वामित्व : सिद्धगडच्या परिसरातील लोकवाङ्मयाच्या निमित्ताने

लोकगीतांचा एखादा संग्रह उघडला म्हणजे आरंभीच्या पानावर बहुधा एक ओळ आढळते : या ग्रंथाचे सर्व हक्क संग्राहकाच्या स्वाधीन आहेत. पुढे प्रस्तावनेत तोच संग्राहक असे प्रतिपादन करतो की, लोकगीत कोणा एकाचे नसते, ते समाजाच्या मुखातून आपोआप उमटते, त्याचा कर्ता अनाम असतो. ही दोन विधाने काही पानांच्या अंतराने सुखेनैव नांदतात आणि वाचकालाही त्यांत काही वावगे वाटत नाही. गीत जर कोणाचेच नसेल तर त्याचे सर्व हक्क एका गृहस्थाच्या स्वाधीन कोणत्या न्यायाने झाले, हा प्रश्न आपल्या लोकवाङ्मयविषयक समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तो विचारावा, आणि विचारताना देशी कायदा व परदेशी कायदा या दोहोंची साक्ष काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून ठाणे जिल्ह्याचा एक कोपरा डोळ्यांपुढे ठेवू. मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याला बिलगून आहेत. मुरबाडच्या अंगाला सिद्धगड आहे. त्याच्या माथ्यापलीकडे पुणे जिल्हा लागतो आणि गडाचे रान भीमाशंकर अभयारण्यात मोडते. या वाड्यापाड्यांतून महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि वारली राहतात. कल्याण-ठाण्याच्या महाविद्यालयांना हा मुलूख जवळचा असल्यामुळे पदव्युत्तर विद्यार्थी लोकगीते, कथा, उखाणे गोळा करावयास इकडेच वळतात. पूर्वी वही असे, नंतर ध्वनिमुद्रक आला, आता खिशातला मोबाइल पुरतो. सामग्री प्रबंधाच्या परिशिष्टात जाते आणि प्रबंध 'शोधगंगा' या सार्वजनिक संचयात जातो. म्हणजे एखाद्या पाड्यावरील म्हातारीने दळता दळता म्हटलेली ओवी जगातील कोणाच्याही पडद्यावर उमटू शकते. हा प्रवास पूर्वी इतका जलद नव्हता, म्हणूनच हक्काचा प्रश्नही इतका निकडीचा नव्हता.

प्रथम आपल्या संज्ञेकडे पाहू. इंग्रजी संज्ञेत प्रत काढण्याचा हक्क अभिप्रेत आहे. फ्रेंच परंपरा त्याला कर्त्याचा हक्क म्हणते. हिंदीने इंग्रजीचा मागोवा घेऊन 'प्रतिलिप्यधिकार' हा शब्द घडविला. मराठीत मात्र 'स्वामित्वहक्क' रूढ झाला. हा शब्द प्रतीविषयीही बोलत नाही आणि कर्त्याविषयीही बोलत नाही. तो बोलतो धनीपणाविषयी. शब्दाने विचाराला वळण लावले आहे असे म्हणावयास हरकत नाही, कारण आपल्याकडील संग्राहक स्वतःला कर्ता म्हणवीत नाही, पण धनी मात्र निःसंकोच म्हणवितो. व्यापारचिन्हाच्या बाबतीत असा घोटाळा नाही. तेथे चिन्ह व्यापाऱ्याचे आणि माल त्याचा, एवढा सरळ हिशेब असतो. पण लोकवाङ्मयाला चिन्ह कोणते आणि व्यापारी कोण, हे विचारताच तेथेही पेच पडतो. त्याकडे पुढे येऊ.

आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यापूर्वी १९१४ चा कायदा होता आणि तो १९११ च्या ब्रिटिश कायद्याची भारतीय आवृत्तीच होता. या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत कल्पना आहे : कर्ता एक असतो, त्याला नाव असते, त्याने अमुक दिवशी कृती रचलेली असते आणि अमुक दिवशी तो मरण पावतो. हक्काची मुदत त्या मरणापासूनच मोजतात. १९९२ पर्यंत ती पन्नास वर्षे होती, रवींद्रनाथांच्या ग्रंथांचा हक्क संपत आला तेव्हा ती साठ करण्यात आली. ज्या कृतीच्या कर्त्याची मरणतिथी सांगता येत नाही तिच्यापुढे हा कायदा चाचपडतो. अनाम कृतीसाठी त्याने प्रथम प्रकाशनापासून साठ वर्षे धरली आहेत, पण तेथेही कर्ता एक आहे, तो केवळ लपला आहे, असेच समजलेले आहे. ओवीचा कर्ता लपलेला नसतो. तो विखुरलेला असतो.

आता कायदा कशाचे रक्षण करतो आणि कशाचे करीत नाही, हे सिद्धगडच्याच एका घटनेवरून स्पष्ट करता येईल. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे हुतात्मे झाले. माथेरानचे कोतवाल स्वतः वकील होते. आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, इंग्रज सरकारला हैराण केले, आणि अखेर या डोंगरात त्यांचा शेवट झाला. ही हकीकत कोणाच्या मालकीची? कोणाच्याच नाही. ऐतिहासिक घटना, कल्पना, विषय, कथासूत्र यांवर स्वामित्व चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. उद्या कोणीही कोतवालांवर नाटक लिहावे, पोवाडा रचावा, चित्रपट काढावा. पण एकाने आपल्या शब्दांत जे लिहिले ते दुसऱ्याने उचलता कामा नये. ना. गो. चापेकर यांनी शेजारच्या बदलापूरवर १९३३ साली जो ग्रंथ लिहिला त्यालाही हाच न्याय लागतो. गावाचे सण, जाती, बोली, पिके ही माहिती सर्वांची. तिची चापेकरांनी केलेली मांडणी मात्र त्यांची, आणि ते १९६८ साली वारल्यामुळे ती २०२८ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे.

येथवर अडचण नाही. अडचण येते ती सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा असतो तेव्हा. हुतात्मादिनी सिद्धगडाच्या पायथ्याशी लोक जमतात. समजा, तेथे एखाद्या वृद्धाने उभे राहून वडिलांकडून ऐकलेली हकीकत सांगितली आणि एका विद्यार्थ्याने ती शब्दशः उतरून घेतली. लेख कोणाचा? इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर १९०० साली वॉल्टर विरुद्ध लेन हा प्रसिद्ध खटला झाला. लॉर्ड रोझबेरी यांची भाषणे 'टाइम्स' च्या बातमीदारांनी लघुलेखनाने टिपली होती. लेन या प्रकाशकाने तीच पुढे पुस्तकरूपाने छापली. लॉर्डांच्या सभागृहाने निर्णय दिला की, टिपणारे बातमीदार हेच त्या वृत्तान्ताचे कर्ते होत. खुद्द रोझबेरींनी कोणताच हक्क सांगितला नव्हता. बोलणाऱ्याने जे वाऱ्यावर सोडले ते टिपणाऱ्याने पकडले आणि पकडणाऱ्याचे झाले, असा या निर्णयाचा मथितार्थ. आमच्या मते, आपल्या लोकगीतसंग्राहकांची मनोभूमिका आजही नेमकी हीच आहे, मग त्यांनी या खटल्याचे नावही ऐकलेले नसो.

भारतीय कायद्याने मात्र वेगळी वाट धरली, आणि ही गोष्ट आपल्या अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटलेली आहे. १९८३ च्या दुरुस्तीने कलम १७ मध्ये अशी तरतूद घालण्यात आली की, जाहीरपणे केलेल्या भाषणाच्या स्वामित्वाचा पहिला धनी ते भाषण करणारा असेल. भाषण कोणी लिहून घेतले, कोणी व्यवस्था केली, याने त्यात फरक पडत नाही. तेव्हा सिद्धगडावरील सभेत वृद्धाने जे सांगितले त्याचा धनी तो वृद्ध होय. विद्यार्थ्याची वही ही वहीच.

संग्राहकाचे मग काहीच नाही काय? आहे, आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. पाड्यापाड्यांतून हिंडणे, पाठभेद नोंदणे, बोलीतील शब्दांचे अर्थ लावणे, शेकडो गीतांतून निवड करून विषयवारी लावणे, टीपा देणे, हे श्रम थोर आहेत. परंतु कायदा केवळ श्रमाला हक्क देतो काय, हा निराळा मुद्दा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दूरध्वनीच्या नामावलीसंबंधीच्या फाइस्ट खटल्यात नुसत्या घामाला हक्क नाकारला. निवडीत किंवा मांडणीत थोडीतरी स्वतंत्र बुद्धी दिसली पाहिजे, असे म्हटले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात साधारण हाच मध्यम मार्ग पत्करला. तेथे प्रश्न न्यायनिर्णयांच्या छापील संग्रहाचा होता. मूळ निर्णय सर्वांचे. संपादकाने बुद्धी खर्चून परिच्छेदांची जी मांडणी केली तेवढी त्याची. न्यायनिर्णयाच्या जागी ओवी ठेवा. ओवी संग्राहकाची नव्हे. प्रस्तावना, टीपा, निवड आणि क्रम ही त्याची. 'सर्व हक्क' या शब्दांतील 'सर्व' हे विशेषण त्यामुळे टिकत नाही. दुसऱ्या एखाद्याने त्या संग्रहातील दहा ओव्या घेऊन आपल्या लेखात चर्चिल्या तर त्याने चोरी केली असे होत नाही, केवळ सौजन्याने ऋणनिर्देश करावा इतकेच.

कायद्याचा एवढा पक्ष मांडल्यावर वाङ्मयाकडे वळले पाहिजे, कारण घोटाळ्याचे मूळ कायद्यापेक्षा आपल्या वाङ्मयविचारात आहे. लोकवाङ्मय अनाम असते हे सूत्र आपण फार सहज स्वीकारले. अनामता हा गीताचा गुण आहे की आपल्या संकलनपद्धतीचा? मराठी परंपरा नावाविषयी मुळीच उदासीन नाही. आपल्या संतकवींनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा कोरली : तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. दळणाऱ्या स्त्रियांच्या ओव्यांत भावाचे, लेकाचे, गावाचे, कधी स्वतःचेही नाव येते. नाव सांगण्याची हौस होती. आपण ते लिहून घेतले नाही.

नाममुद्रेची ही प्रथा व्यापारचिन्हाच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. बाजारात दुसऱ्याचे प्रतिष्ठित चिन्ह आपल्या मालावर लावून विकणे हा अपराध ठरतो, कारण त्यात गिऱ्हाइकाची फसगत होते आणि मूळ व्यापाऱ्याची पत लुटली जाते. आता तुकारामांच्या गाथेतील क्षेपकांचा विचार करा. शं. पां. पंडित यांनी मुंबई सरकारच्या साहाय्याने सिद्ध केलेली गाथा १८७३ च्या सुमारास पुरी झाली, तेव्हापासून कोणता अभंग अस्सल आणि कोणता मागाहून घुसलेला, याची चिकित्सा चालूच आहे. कोणा अज्ञात वारकऱ्याने स्वतः अभंग रचला आणि शेवटी तुकारामांचे नाव घातले. बाह्यतः ही बनावट चिन्हाचीच क्रिया. पण हेतू पाहिला तर ती नेमकी उलटी दिसते. व्यापारी दुसऱ्याची पत स्वतःकडे ओढतो. या वारकऱ्याने आपली रचना दुसऱ्याच्या चरणी वाहून स्वतःचे नाव पुसून टाकले. त्याला पैसा मिळाला नाही, कीर्तीही नाही. पाठचिकित्सकाला त्याचा त्रास होतो हे खरे, तथापि ज्या समाजात अशी देवाणघेवाण चालत होती तेथे नावाला अर्थ नव्हता असे म्हणणे धाडसाचे आहे. नावाला फार अर्थ होता, म्हणूनच ते अर्पण करता येत होते. अनामता आणि आत्मार्पण यांत भेद आहे. संग्राहकाने गाणाऱ्या बाईचे नाव गाळले तर ती अनाम राहते. तिने काही अर्पण केले असे होत नाही.

संग्रहांकडे या दृष्टीने पाहिले तर दोन टोके दिसतात. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' मध्ये ओव्यांचा अपार साठा जमविला आणि त्यावर अत्यंत आर्द्र विवेचन केले. परंतु त्या काळच्या दृष्टीप्रमाणे तेथे बोलते ती 'स्त्री', अमुक गावची अमुक बाई नव्हे. दुसरीकडे गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या डोंगराळ भागापासून सुरू केलेले जात्यावरच्या ओव्यांचे काम आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या साठ्यात ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गाव नोंदलेले आहे, आणि २०१७ पासून हा साठा 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात जेव्हा प्रसिद्ध होऊ लागला तेव्हा नावांसोबत कित्येकींची छायाचित्रे व आवाजही आले. मुळशी आणि मुरबाड एकाच सह्याद्रीच्या दोन बाजूंना आहेत. एका बाजूला जे शक्य झाले ते दुसऱ्या बाजूला अशक्य होते असे म्हणता येणार नाही. या नोंदीमुळे समीक्षेलाही नवा विषय मिळाला : एकाच बाईच्या शंभर ओव्या एकत्र वाचता येतात, तिची शैली, तिची आवडती प्रतिमा, तिचे मौन यांविषयी बोलता येते. ज्या क्षणी नाव येते त्या क्षणी कर्तृत्व दिसू लागते.

कायद्यानेही, थोड्या उशिराने का होईना, या बाईकडे पाहिले आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ३८ मध्ये सादरकर्त्याचा हक्क आला. सादरकर्ता म्हणजे कोण, याची यादी वाचण्यासारखी आहे : नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर तीत कसरतपटू, जादूगार आणि चक्क गारुडीही आहे, आणि अखेरीस 'सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती' आहे. संसदेच्या कायद्यात गारुड्याला जागा मिळाली हे पाहून बरे वाटते. जात्यावर बसलेली बाई गायक नव्हे असे कोण म्हणेल? ओवी तिने रचली नसली तरी तिचे त्या वेळचे गाणे तिचे आहे. पन्नास वर्षे तिच्या संमतीवाचून त्याचे मुद्रण करून ते लोकांपर्यंत पोचविता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ब मध्ये आणखी एक गोष्ट आली : आपल्या गाण्याची गायिका म्हणून आपले नाव सांगितले जावे, अशी मागणी तिला करता येते.

विद्यार्थ्यांनी येथे कलम ३९ नीट वाचावे. प्रामाणिक अध्यापनासाठी किंवा संशोधनासाठीच केलेले मुद्रण हा हक्कभंग नव्हे, अशी सूट तेथे आहे. तिचा अर्थ पुष्कळदा फार सैल लावला जातो. प्रबंधासाठी गाणे मुद्रित केले, ऐकून लिप्यंतर केले, मार्गदर्शकांना ऐकविले, येथवर सूट पुरते. परंतु तेच मुद्रण पुढे आपल्या नावाने चित्रफितींच्या एखाद्या माध्यमावर टाकले, किंवा एखाद्या संगीतदिग्दर्शकाला चालीसाठी दिले, तर ते 'संशोधनासाठीच' राहत नाही. त्या 'च' वर सारी भिस्त आहे. आपले बहुतेक विद्यार्थी या सीमारेषेपलीकडे नकळत जातात, आणि मार्गदर्शकही त्यांना हटकत नाहीत.

एवढ्यावर कोणी विचारील की, वारल्यांच्या चित्रांना संरक्षण मिळाले, तसे ठाकरांच्या किंवा कातकऱ्यांच्या गीतांना का मिळू नये? या तुलनेत एक गैरसमज दडला आहे. वारली चित्रकलेची नोंदणी २०१४ साली भौगोलिक निर्देशकांच्या १९९९ च्या कायद्याखाली झाली. हा कायदा व्यापारचिन्हाच्या कुळातला आहे, स्वामित्वहक्काच्या नव्हे. तो नावाचे रक्षण करतो, चित्राचे नाही. लग्नचौक मुळात सवासिनी भिंतीवर काढीत. जिव्या सोमा मशे यांनी तो कागदावर आणला, १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत नेला, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांवर त्यांचा स्वामित्वहक्क निःसंशय होता, आणि ते २०१८ मध्ये वारल्यामुळे तो २०७८ च्या अखेरीपर्यंत त्यांच्या वारसांकडे राहील. पण दोन त्रिकोण जोडून माणूस काढण्याची रीत कोणाच्याच मालकीची नाही. एखाद्या कापडगिरणीने तशा आकृती चादरींवर छापल्या आणि 'वारली' हा शब्द उच्चारलाच नाही, तर निर्देशकाचा कायदा तिला हात लावू शकत नाही. शिवाय हा कायदा 'मालाला' लागू आहे : शेतमाल, निसर्गातील वस्तू, हस्तव्यवसायाच्या वस्तू, खाद्यपदार्थ. गाणे हा माल नव्हे. ठाकरगीताला त्या नोंदवहीत रकानाच नाही, आणि नसावा हेच आम्हाला बरे वाटते.

नावाचे हे रक्षणसुद्धा सीमेवर थांबते. कोल्हापुरी चपलेची नोंदणी महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी झालेली आहे आणि ती दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घडणीची पादत्राणे मूळ स्थानाचा उल्लेख न करता मंचावर आणली. भारतीय नोंदणी इटलीत चालत नाही; आणि कंपनीने 'कोल्हापुरी' हे नाव वापरलेच नव्हते, म्हणून नावाच्या कायद्याला तेथे पकडही नव्हती. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली. दाद मागावयाची तर ती नोंदणीधारकांनी मागावी, असे न्यायालयाचे मत पडले. कंपनीने मूळ मान्य केले ते टीकेच्या गदारोळामुळे, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिने त्याच दोन महामंडळांशी करार केला. येथे कायद्याने जे साधले नाही ते लोकलज्जेने साधले. मात्र ज्या गाणाऱ्या बाईचे नाव कोठेच नोंदलेले नाही तिच्यासाठी असा गदारोळ कोण करणार?

परदेशांचा विचार आला म्हणून मुदतींचा एक विलक्षण प्रकार नमूद करतो. भारत १९२८ पासून बर्न कराराचा सभासद आहे, त्यामुळे मराठी ग्रंथाला परदेशांत संरक्षण मिळते. पण ते त्या त्या देशाच्या मापाने. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी वारले. १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' येथे सर्वांना खुली झाली, आणि अनेक प्रकाशकांनी ती छापली. युरोपातील बहुतेक देश मूळ देशातील कमी मुदत मानतात, म्हणून तेथेही ती खुली आहे. अमेरिका ती मानीत नाही. तेथील कायद्याने १९९६ मध्ये परदेशी कृतींचे हक्क पुनरुज्जीवित केले आणि जुन्या प्रकाशित ग्रंथांना प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षे दिली. १९३५ चा हा ग्रंथ त्यामुळे तेथे २०३० च्या अखेरीपर्यंत संरक्षित ठरतो. पुण्यात कोणीही छापावा असा ग्रंथ न्यू जर्सीतील एखाद्या मराठी शाळेने छापला तर प्रश्न उद्भवतो, ही गोष्ट तेथील शिक्षकांना चमत्कारिक वाटेल, पण हिशेब असा आहे. चापेकरांच्या ग्रंथाची मुदत मात्र दोन्हीकडे, दोन अगदी निराळ्या मापांनी मोजूनही, २०२८ मध्येच संपते. हा निव्वळ योगायोग.

युरोपात याहून चिंतेची एक तरतूद आहे. मुदत संपलेली पण कधीच प्रसिद्ध न झालेली कृती जो प्रथम कायदेशीरपणे प्रसिद्ध करील त्याला तेथे पंचवीस वर्षे आर्थिक हक्क मिळतात. जुन्या हस्तलिखितांच्या संपादकाला उत्तेजन द्यावे, हा तिचा हेतू. पण कर्त्याचा पत्ता नसलेल्या मौखिक वाङ्मयाला कोणी ही तरतूद लावू पाहील तर प्रथम छापणारा हाच धनी, हे वॉल्टर विरुद्ध लेनचे तत्त्व मागील दाराने परत येते. बर्न करारात १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेने याच्या उलट टोकाचे एक कलम घातले होते : कर्ता अज्ञात, कृती अप्रकाशित, पण कर्ता अमुक देशाचा असावा असे मानण्यास आधार, अशा स्थितीत त्या देशाने नेमलेल्या अधिकाऱ्याने कर्त्याच्या वतीने उभे राहावे. हे लोकवाङ्मयासाठीच आहे हे सर्वांना ठाऊक होते, तरी त्यात लोकवाङ्मय हा शब्द मुद्दाम घातला नाही. त्याची व्याख्या कोणालाच करता आली नव्हती. जिनीव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत २००० सालापासून या विषयावर समिती बसली आहे. मे २०२४ मध्ये जैविक संपत्ती व तत्संबंधी पारंपरिक ज्ञान यांवर करार झाला, पण तो पेटंटांपुरता आहे. गीतांसाठी करार नाही. त्या मानाने १९९६ चा सादरकर्त्यांविषयीचा करार अधिक उपयोगी आहे. त्याच्या व्याख्येत लोकपरंपरेतील आविष्कार सादर करणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि भारत डिसेंबर २०१८ पासून त्याला बांधील आहे. म्हणजे गीताला परदेशात धनी नसला तरी गाणाऱ्या कंठाला तेथे उभे राहण्यास जागा आहे. अट एकच : तो कंठ कोणाचा हे कोठेतरी लिहिलेले हवे.

यावरून प्रबंधांच्या परिशिष्टांविषयी काही अपेक्षा ठेवणे भाग आहे. आजच्या परिशिष्टांत गीताखाली पुष्कळदा फक्त गाव असते, कधी जमात. 'एका ठाकर स्त्रीकडून' अशीही नोंद आढळते. तेथे नाव, वाडी, दिनांक, ती हे गीत कोणाकडून शिकली, आणि मुद्रणाचा पुढे कोणता उपयोग करण्यास तिने संमती दिली, एवढे असावयास हवे. संमती कागदावरच हवी असे नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईचा अंगठा घेण्यापेक्षा, आपण काय करणार आहोत हे तिला तिच्या बोलीत समजावून तिचा होकार त्याच मुद्रणाच्या आरंभी घेणे अधिक प्रामाणिक होय. ग्रंथ छापताना 'सर्व हक्क' च्या जागी 'प्रस्तावना, टीपा व मांडणी यांचे हक्क' असे लिहावे. त्याने संग्राहकाचे काहीही जात नाही.

एक अडचण मात्र उरते, आणि ती संग्राहकांच्या निष्काळजीपणाहून वेगळी आहे. सासुरवासाच्या कित्येक ओव्यांत सासूवर, नणंदेवर, नवऱ्यावर झणझणीत बोट ठेवलेले असते. बाई त्या मोकळ्या मनाने गाते आणि शेवटी म्हणते, माझं नाव नको लिहू. तेथे नाव छापणे म्हणजे तिला घरात अडचणीत आणणे. कायद्याने तिला नावाची मागणी करण्याचा हक्क दिला आहे, नाव लावून घेण्याची सक्ती केलेली नाही. अशा वेळी संग्राहकाने नाव आपल्या खाजगी वहीत ठेवावे आणि परिशिष्टात 'गाणारणीच्या इच्छेवरून नाव दिलेले नाही' असे स्पष्ट नोंदवावे. नुसत्या कोऱ्या जागेवरून तिने नाव राखून ठेवले की आपण ते विचारलेच नाही, हे पुढील अभ्यासकाला कळणार नाही.